सासू, सून आणि तार

कोंडाण्याच्या वरच्या कड्यात लोखंडी पायऱ्या ठोकल्या, शेजारून तार ओढली, तेव्हापासून रविवारी तिथं जत्रा असते. मीही त्यातलाच. आम्हाला वर नेणारी गावातली बाई आमच्या कमरपट्ट्याचे दोन हुक तारेत अडकवते. एकाला ती सासू म्हणते, दुसऱ्याला सून. "फुडं सरकताना सासू सोडली, की सून घट्ट ठेवायची रं!" हे ती इतक्या खुशीत ओरडते, की भीती पळून जाते.

परवा तिनं स्वतःच्या सासूलाच आणलं. काष्टा मारलेल्या म्हातारीनं मध्यावर पहिला हुक सोडला आणि दुसऱ्या हातानं सुनेची वेणीच धरली.

"आत्या, वेणी सोडा की माजी!"

"नाय सोडनार! सासू सुटली, आता सून घट्ट धरायची. तूच म्हनतीस ना गं?"