चित्रावरचं कुंकू

हणमंतरावांना त्या दिवशी पहाटेपासून चैन नव्हती. मल्लेश्वरमच्या एका लहानशा कलादालनात दसऱ्यापासून प्रदर्शन भरणार होतं, त्यात त्यांचं एक चित्र निवडलं गेलं होतं, आणि ते खंडेनवमीच्या संध्याकाळपर्यंत तिथे पोचवायचं होतं. संध्याकाळ व्हायला अख्खा दिवस पडला होता, पण हे गृहस्थ आंघोळ उरकून, इस्त्रीचा शर्ट चढवून, सकाळीच दारात उभे राहून रिक्षाची वाट बघायला लागले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय. पासष्टी ओलांडल्यावर माणसाला पहिल्यांदा कुणी चित्रकार म्हटलं की असंच व्हायचं.

घराणं मोठ्या नावाचं. तीन-चारशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर बंगळुरात आलेलं. आता त्या फौजेतली एक गंजकी कट्यार तेवढी देव्हाऱ्यात उरली होती. हणमंतरावांनी चामराजपेटेत छापखाना चालवला. लग्नपत्रिका हे मुख्य काम. यंत्र धुताना एकच रद्दी कागद पुन्हा पुन्हा आत सोडतात, म्हणजे उरलेली शाई त्याच्यावर उतरते. एकाचा गणपती, दुसऱ्याची मुहूर्ताची वेळ, तिसऱ्याच्या केळीच्या पानांचा हिरवा, असं सगळं एकमेकांवर चढून शेवटी काहीच ओळखू येत नाही. कामगार हे कागद केराच्या टोपलीत टाकायचे. हणमंतराव ते बाहेर काढून खिडकीशी नेत आणि चहा निवेपर्यंत बघत बसत. त्यात काय आहे हे त्यांना सांगता येत नसे. पण बरं वाटे, एवढं खरं.

पुढे पत्रिका मोबाइलवर जायला लागल्या, छापखाना बंद झाला, यंत्र भंगारात गेलं. रिकामपणाला कंटाळून ते रविवारी मल्लेश्वरमला सिद्धी नावाच्या एका पुण्याच्या मुलीच्या चित्रवर्गाला जाऊ लागले. त्यांनी तिला ते जपलेले रद्दी कागद दाखवले, तर ती पोरगी जमिनीवर मांडी घालून एकेक कागद उचलून बघायलाच लागली. "काका, हे ऑलरेडी अमूर्त चित्र आहे," ती म्हणाली. "तुम्ही इतकी वर्षं हेच तर बघताय." त्या दिवशी हणमंतराव घरी चालत आले नाहीत, तरंगत आले.

दु:ख एकच होतं आणि ते घरात होतं. बायकोचा, सकवारबाईंचा, चित्रांना विरोध नव्हता. विरोध असता तर भांडता तरी आलं असतं. चित्र पुरं झालं की हणमंतराव हाक मारत. त्या हात पुसत येत, चित्रावर एक नजर टाकत, "छान आहे की" म्हणत आणि फोडणीकडे परत जात. मंडईत वांगं घेतानासुद्धा त्या यापेक्षा जास्त निरखून बघत. बाहेर कुणी कितीही नावाजो, जिच्याबरोबर जन्म काढला तिनं एकदा नीट बघावं, एवढीच या माणसाची भूक होती. निवडीची बातमी आली तेव्हाही त्या म्हणाल्या, "बरं झालं. बाजारातून येताना कोथिंबीर आणा."

निवडलेलं चित्र बऱ्यापैकी मोठं होतं. राखाडी-हिरव्या रंगाचा विस्तार, त्यात डावीकडून उजवीकडे खाली घसरत जाणारा निळ्याचा जड पट्टा, आणि उजवीकडे वर एक मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेनं त्यांना दोन महिने छळलं होतं. तिथे काही टाकायचं नाही, हे ठरवायलाच इतका वेळ गेला होता.

दाराशी उभं राहून पाय दुखले तेव्हा ते चित्र गुंडाळायला जाड कागद आणण्यासाठी चिकपेटेत गेले. नवमीची गर्दी, झेंडूचे ढीग, रस्त्यात फोडलेले कोहळे. वाट काढत परत आले, तर सकवारबाईंची पूजा आटोपली होती. बंगळुरात या दिवशी कुंकवातून काही सुटत नाही. मिक्सरला कुंकू, शिलाई यंत्राला कुंकू, शेजारच्या स्कूटरला कुंकू. पाटावर ती गंजकी कट्यार मांडली होती, तिच्या शेजारी हणमंतरावांचे ब्रश, रंगाच्या नळ्या, वर फुलं. आणि मागे भिंतीला टेकवलेल्या चित्रावर, उजवीकडे वर, त्या मोकळ्या जागेत, बोटाएवढा ठसठशीत लाल टिळा.

हणमंतरावांच्या तोंडचं पाणी पळालं.

"सकवार, हे काय केलंस?"

"दरवर्षी तुमच्या मशीनला लावत होते," त्या शांतपणे म्हणाल्या. "मशीन गेलं. आता हेच तुमचं आयुध, न्हवं का?"

राग मावत नव्हता, आणि ती तर त्यांच्या ब्रशांना फुलं वाहून बसली होती. शेवटी जे सुचलं ते त्यांनी विचारलं. "पण मशीनला बरोबर मध्ये लावायचीस. इथं वर कशाला लावलंस?"

"मध्ये कसं लावू हो? मध्ये ते निळं खाली उतरतंय की. त्याच्या वाटेत लावलं तर अडेल ते. सगळं खाली चाललंय, वर कुणीच नाही. म्हणून तिथं लावलं."

हणमंतरावांनी हातातला जाड कागद खाली ठेवला. सिद्धी सोडली तर वर्गातल्या कुणाला जे दिसलं नव्हतं, ते या बाईनं हळदीकुंकवाचं तबक हातात घेऊन पाहिलं होतं. त्यांनी तिला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग आणखी एकदा. तेव्हा ती वैतागली.

आनंद झाला, तरी टिळा तिथेच होता. त्यांनी सिद्धीला फोन लावला. "काका, सिलेक्ट झालंय तसंच द्यावं लागेल हो," ती म्हणाली. "रंग सुकलाय ना? मग ओल्या कापडानं पुसून टाका, सिंपल आहे." पुण्याच्या मुलीला सगळं सिंपल. इथे सकवारबाईंनी कानांवर हात ठेवले. सणाच्या दिवशी, सवाष्णीच्या घरात, पूजेचं कुंकू पुसायचं? वरून रंग लावावा तर ब्रश पूजेत. उद्यापर्यंत ते उचलायचे नाहीत.

"आणि पुसायचं कशाला म्हणते मी?" सणाची पुरणपोळी, म्हणजे इथली होळगी, वाढताना त्यांनीच विषय काढला. "चांगलं दिसतंय की. आधी तिथं भकास होतं."

"भकास नाही, मोकळं. तिथं मोकळंच पाहिजे. त्याशिवाय निळ्याला वजन येत नाही."

"कुंकवानं वजन कमी होतंय होय?"

"होतंय. लाल पुढं धावतो, निळा मागं पडतो."

"मग निळा आणखी गडद करायचा होता की."

होळगी ताटात गार झाली. हणमंतराव हातवारे करत होते, सकवारबाई पळी हातात धरून चित्रासमोर उभ्या राहून उत्तरं देत होत्या, आणि मधेच हणमंतरावांच्या लक्षात आलं की आपण दोघं चित्रावर भांडतोय. लग्न झाल्यापासून ती दोघं दूधवाला, भाडेकरू, नणंदा, सगळ्यांवरून भांडली होती. इतकं गोड भांडण पहिल्यांदाच होत होतं. ते संपू नये म्हणून त्यांनी मुद्दाम एकदोन चुकीचे मुद्देही मांडले.

चार वाजता रिक्षा आली, पुढे दोन बाजूंना केळीचे खुंट बांधलेली. एकट्यानं चित्र धरवणार नाही म्हणून सकवारबाईही निघाल्या. टिळा तसाच होता. दालनवाले काय म्हणतील या धास्तीनं हणमंतरावांचा जीव टांगणीला लागला होता, पण बायकोला पूस म्हणणं त्यांच्यानं होणार नव्हतं. जाड कागद तिनं गुंडाळूच दिला नाही. वाटभर ती मान वाकडी करून चित्राकडे बघत होती.

मल्लेश्वरम आलं. दालन आता पुढच्याच वळणावर होतं.

"थांबवा हो अण्णा," ती रिक्षावाल्याला म्हणाली, आणि नवऱ्याकडे वळली. "आपल्या खोलीत चार पावलांवर भिंत. जवळून काय कळणार? तुम्ही हे घेऊन त्या कंपाउंडाशी उभे राहा. मी समोरून बघते."

"अगं, पाचला बंद करतात ते."

"स्वल्प थांबा म्हटलं ना."

ती रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेली. हणमंतराव चित्र छातीशी धरून उभे. चित्र लोकांकडे, पाठ त्यांच्याकडे, त्यामुळे त्यांना दिसत होती फक्त सकवार. मधून बस गेली की दिसेनाशी होई, पुन्हा दिसे. ती डोळे बारीक करत होती. दोन पावलं डावीकडे सरकली. हातानं उन्हाची तिरीप अडवली. खूण करून चित्र जरा खाली घ्यायला लावलं. रिक्षावाला "सर, लेट आगत्ते" म्हणून उशीर झाल्याची आठवण करत होता, येणारेजाणारे या म्हाताऱ्याकडे वळून बघत होते, हात भरून आले होते. हणमंतरावांचं कशाकडे लक्ष नव्हतं. आयुष्यभर कुणी त्यांच्याकडे असं बघितलं नव्हतं.

ती परत आली. रिक्षातली पाण्याची बाटली घेतली, पदराचं टोक भिजवलं आणि चित्रावर वाकली.

"सकवार, सण आहे," हणमंतराव घाबरून म्हणाले. "सवाष्ण आहेस. राहू दे. मी सांगतो त्यांना."

"गप्प बसा. आणि हलवू नका." तिनं हलक्या हातानं टिपत टिपत टिळा काढला, मग पदराची कोरडी बाजू फिरवली. "लांबून डोळा तिथंच जाऊन बसतो. बाकीचं बघायचंच राहतं. देवाला कळतंय ते. तो काही आपल्यासारखा हट्टी नाही."

भर रस्त्यात, झेंडूच्या पाकळ्यांत उभं राहून हणमंतरावांना रडू फुटलं. दोन्ही हात चित्रात अडकलेले, त्यामुळे डोळेही पुसता येईनात. सकवारबाईंनी तोच पदर उचलून त्यांचे डोळे पुसले. गालाला थोडं कुंकू लागलं.

"चला आता," त्या म्हणाल्या. "आणि त्या लोकांना सांगा, समोर खुर्च्याबिर्च्या मांडू नका म्हणावं. लांब जाऊन बघायला जागा पाहिजे."