ओळखीचा आवाज

नलूआत्या गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात तिच्या शेजारच्या साळवींसोबत उभी होते. त्यांच्या हाताला पट्टी होती, आत्याचं दार तोडताना लागलं होतं. त्याला आता दीड महिना होईल... पण डोळे मिटले की मला ती आठवते ती त्या बंद दाराआडची. खरी आत्या तशी नव्हती, म्हणून हे लिहिते आहे.

कोपर गावातल्या तिच्या घराचं दार सकाळी उघडलं की दिवसभर उघडंच असायचं. पोस्टाच्या खिडकीमागे तिने सगळी नोकरी काढली. ज्यांना वाचता येत नसे त्यांना पत्रं वाचून दाखवली, फॉर्म भरून दिले. आंबिवलीला बहिणीकडे गेली, तर वाटेत भेटलेल्या चार अनोळखी बायकांच्या घरची हकिकत घेऊन परतायची. कुणावरही विश्वास ठेवते म्हणून आम्ही तिला चिडवायचो.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिचं बाहेर पडणं थांबलं. मोठा टीव्ही मीच घेऊन दिला. तिला सोबत होईल म्हणून... खरं सांगायचं तर माझे फोन कमी झाले ते तेव्हापासूनच. आधी ती मालिका बघायची, मग गुन्ह्यांच्या कथा, मग दिवसभर बातम्या. एकच चोरी दहादा दाखवली की तिच्या लेखी दहा चोऱ्या झालेल्या असायच्या. दाराला दुसरी कडी आली, मग तिसरी. साळवीवहिनींनी दिलेली खीर तिने मोरीत ओतली, हे मला कामवालीकडून कळलं. मी रागावले, तर शांतपणे म्हणाली, "तू ऑफिसात असतेस गं. जगात काय चाललंय, तुला कुठे माहितीये?"

त्या दुपारी तिचा फोन आला, छातीत दुखतंय म्हणून. मी अँब्युलन्स बोलावली, साळवींना कळवलं आणि ठाण्याहून निघाले, ती घोडबंदर रोडवरच अडकले. तिकडे साळवी दाराशी हाका मारत होते आणि ती कडी काढत नव्हती. मी पुन्हा फोन लावला. बाहेर साळवीच आहेत, दार उघड, असं विनवलं. पलीकडून तिची धाप आणि टीव्ही, दोन्ही ऐकू येत होते.

"तूच बोलतेयस कशावरून?" ती म्हणाली. "हल्ली आवाजसुद्धा खोटे काढतात. कालच दाखवलं."

मी तिला माझं लहानपणचं नाव सांगितलं, तिनेच ठेवलेलं. ती नुसतं "नको" म्हणाली. त्यानंतर बोललीच नाही. साळवींनी दार तोडलं तोवर ती खाली पडलेली होती. थोडं आधी आणलं असतं तर, असं म्हणून डॉक्टर थांबले. पुढचं मी विचारलं नाही.

ती म्हणाली ते खोटंही नव्हतं. असे आवाज काढतात, माणसं फसतात. मग तिला वेडी कसं म्हणू...

परवा लेकीचा फोन आला, अनोळखी नंबरवरून. मोबाइल बंद पडलाय, मैत्रिणीच्या फोनवरून बोलतेय, यायला उशीर होईल म्हणत होती. आवाज तिचाच होता. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "आपल्या आत्याआजीचं नाव काय, सांग बरं."

"नलू," ती हळूच म्हणाली. "आई, आता तू पण?"