रेडिएटरातला भंडारा

महिनाभर रोज सकाळी गाडीखाली तळहाताएवढी ओल दिसायची. रेडिएटरचं पाणी थेंबाथेंबानं कुठून तरी गळत होतं आणि मी रोज वरून तांब्याभर ओतत होतो. मिस्त्रीकडे गेलं की तो एकाची दहा कामं काढतो, असं माझं ठाम मत. शेवटी कुणीतरी सांगितलं, रेडिएटरात हळद टाका, गळती बुजते, ट्रकवाले टाकतातच. घरात माळेगावच्या खंडोबाचा भंडारा होता. म्हटलं, साध्या हळदीपेक्षा देवाचीच टाकावी. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस मी, पण मूठभर भंडारा टाकला, हात जोडले आणि आठ दिवस जमीन कोरडी राहिली. मी गल्लीभर सांगत सुटलो. पुन्हा ओल दिसली तेव्हा आणखी एक मूठ टाकली.

अशातच बायकोच्या डोळ्यापुढे काळी सावली येऊ लागली. तिचा डावा डोळा लहानपणीच गेलेला. जे काही बघायची ते उजव्यानंच. लोह्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "आतला पडदा सुटतोय. आजच लातूरला पोचा, चारच्या आत. उद्यावर टाकलं तर नजर जाईल." गाडीत ती डोळा मिटून बसली होती. "पोचू ना हो आपण?" एवढंच तिनं विचारलं. मी म्हणालो, खंडोबा आहे.

अहमदपूरच्या अलीकडे काटा लाल रेघेला टेकला, बॉनेटमधून वाफा निघाल्या आणि गाडी बंद पडली. ती एका गॅरेजसमोरच थांबली होती, हेही मला त्या घाईत दिसलं नाही. मी बॉनेट उघडलं. पिशवीतली भंडाऱ्याची पुडी घेऊन बायको चाचपडत माझ्याजवळ आली आणि इंजिनावर वाकून उभी राहिली. मी फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण फिरवायला लागलो.

तेवढ्यात पांढऱ्या दाढीच्या एका माणसानं माझं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं तिला मागं ओढलं. परक्यानं बायकोच्या अंगाला हात लावला म्हणून मी त्याच्यावर हात उगारला. खरंच उगारला. त्याच क्षणी अर्धं फिरलेलं झाकण उडालं आणि उकळतं पिवळं पाणी डोक्याच्या वर गेलं. जिथं तिचा चेहरा होता, तिथूनच. माझा उगारलेला हात तसाच वर राहिला. तो खाली कसा घ्यायचा हेच मला सुचेना. ते पाणी त्या माणसाच्या हातावर उडालं होतं.

"तापलेल्या गाडीचं झाकन उघडत न्हाईत, काका," तो म्हणाला. गॅरेज त्याचंच होतं. आतली पोरं त्याला चाचा म्हणत होती. "ह्यात टाकलंय काय?"

"भंडारा," ती म्हणाली. "माळेगावचा."

चाचांनी वाकून इंजिनात बघितलं. मग म्हणाले, "थर्मोस्टॅट जाम झाला असंल. सामान आणून बसवायला सांज होईल. निघालाव कुठं?"

तिनं सांगितलं. चाचांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. "माझी गाडी न्या. डोळा थांबत नसतोय."

"तुम्ही मला ओळखत नाही," मी कसाबसा बोललो.

"हाव, न्हाई ओळखत. निघा आता."

साडेतीनला पोचलो. त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं.

चौथ्या दिवशी चाचांची गाडी परत करायला गेलो. चाचांच्या मनगटावर पट्टी होती. त्यांनी जुना थर्मोस्टॅट दाखवला. इंजिन तापलं की पाण्याला वाट देणारी ती एवढीशी झडप, भंडाऱ्याच्या राड्यानं घट्ट मिटलेली होती. आणि गळती? खालच्या पाइपाची क्लिप सैल झालेली. स्क्रू दोन फेरे आवळला असता तर महिनाभराची ओल एका मिनिटात थांबली असती. मी मान वर केली नाही. "ते पिवळं पानी नालीत न्हाई सोडलं," चाचा सहज म्हणाले. "देवाचं हाय म्हनून लिंबाच्या बुडाला वतलं." मी देवाच्या नावानं भंडारा इंजिनात कोंबला होता, आणि ज्याच्यावर मी हात उगारला त्यानं त्याचा मान राखला. मी रडलो, भर रस्त्यात.

देवावर भार टाकावा म्हणतात. मी टाकला होता तो माझा आळस. त्या दुपारी तिथं कोण उभं होतं, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. तिची नजर पूर्ण आली नाही, पण माणूस ओळखू येतो, भाकरी थापता येते. देवाचे हे उपकार कसे फेडायचे, ते मला बरेच दिवस कळत नव्हतं.

माझा धाकटा भाऊ आमच्याच गल्लीत राहतो. त्यानं दोनदा गाडी मागितली होती आणि दोन्ही वेळा मी क्लच खराब असल्याची थाप मारली होती. परवा बायकोला घेऊन त्याच्या दारात गेलो, किल्ली त्याच्या हातावर ठेवली आणि म्हणालो, "लागंल तवा नेत जा." तो किल्लीकडे बघत राहिला. मग माझ्या मागं उभ्या असलेल्या तिला त्यानं हळूच विचारलं, "वहिनी, दादाची तब्येत बरी हाय ना?"