फाशी देऊन ये

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भावोजी, तुरुंगात सुतारकाम शिकवतात. कैदी त्यांना मिस्त्री म्हणतात, साहेब मिस्त्री म्हणतात आणि ताई रागावली की तीही मिस्त्रीच म्हणते. पण कार्यालयातल्या यादीत त्यांच्या हुद्द्यापुढे बारीक अक्षरात आणखी काही लिहिलेलं आहे: जल्लाद, अतिरिक्त कार्यभार.

हे घोंगडं त्यांच्या गळ्यात कसं पडलं, ते ऐका. बावीस वर्षांपूर्वी आधीचा जल्लाद निवृत्त झाला. तेव्हाच्या अधीक्षकांनी सगळ्यांना जमवून विचारलं, "कोण तयार आहे?" साहेबांच्या डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून भावोजी पडदा ओढायला उठले. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. इतक्या टाळ्या पडल्यावर "मी पडद्यासाठी उठलो होतो" असं सांगणं भावोजींना उद्धटपणाचं वाटलं.

सुदैवाने त्यानंतर एकालाही फाशी झाली नाही. खटले चालत, अर्ज वर जात, खाली येत, पुन्हा वर जात. भावोजी महिन्यातून एकदा फाशीच्या तक्त्याच्या बिजागऱ्यांना तेल घालून येत आणि घरी आल्यावर हळहळत, "काय लाकूड आहे! याचं जेवणाचं टेबल केलं असतं तर दहा माणसं बसली असती." त्या टेबलावर कोण जेवलं असतं, हा प्रश्न त्यांना पडत नसे.

त्या वर्षी फाशी ठेवायची की कायमची काढून टाकायची यावर सभागृहात चर्चा सुरू झाली आणि गावात प्रत्येकाला मत फुटलं. न्हाव्याला मत होतं, दूधवाल्याला मत होतं. मला तर होतंच. मी शाळेत मराठी शिकवतो, आणि ज्या माणसाने तीस वर्षं वह्या तपासल्या आहेत त्याला शिक्षेचं महत्त्व सांगावं लागत नाही. मी फाशीच्या बाजूचा. मत नव्हतं ते फक्त भावोजींना. कुणी विचारलंच तर ते म्हणत, "मी लाकडाचा माणूस."

एकदा ताईकडे जेवताना मी रंगात आलो होतो. "अशा माणसांना फाशीच दिली पाहिजे."

"देणार कोण?" भावोजींनी विचारलं.

"कोण म्हणजे? सरकार."

"मास्तर, तुमचं सरकार ते साऱ्या देशाचं. या कामापुरतं सरकार म्हणजे मी." आणि त्यांनी शांतपणे भात वाढून घेतला. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं ताईने मला तिथल्या तिथे ऐकवलं.

"अशा माणसांना" म्हणताना माझ्या मनात होता तो कोपऱ्यातल्या कोठडीतला. फाशीची शिक्षा झालेला तुरुंगात तो एकटाच. पूर्वी छापखान्यात मुद्रितं तपासायचा. त्याने काय केलं ते मी इथे लिहीत नाही, लिहिलं तर तुम्ही वाचणं सोडून माझ्या बाजूला येऊन उभे राहाल. भावोजी मात्र रोज सकाळी त्याला वर्तमानपत्र नेऊन देत आणि गजांच्या अलीकडे स्टुलावर बसून त्याच्याबरोबर शब्दकोडं सोडवत. आठ वर्षं. मी एकदा विचारलं, "लाज नाही वाटत त्याच्याशी बोलायला?" ते म्हणाले, "बोलत नाही. उभे शब्द त्याचे, आडवे माझे."

आणि एका शनिवारी दुपारी भावोजी घाम पुसत माझ्या घरी आले. हातात मुख्य कार्यालयाचा कागद. अधीक्षक रजेवर होते. उपअधीक्षकांनी तो वाचला, तिकडे फोन लावला, कार्यालय बंद झालेलं. मग त्यांनी कागद भावोजींच्या हातात दिला आणि म्हणाले, "हे तुमच्या खात्याचं आहे. सोमवारी दहापर्यंत तयारी ठेवा."

मी चष्मा लावून वाचलं. "कोपऱ्यातील कोठडीतील कैद्यास सभागृहाचा निर्णय होईपर्यंत फाशी देऊन ये. तसेच त्यास आवारात मोकळे सोडून ये."

 भावोजी माझ्या पलंगाच्या कडेवर टेकले. "होईपर्यंत म्हणजे, निर्णय व्हायच्या आत उरकून ये, असंच ना?"

"तसंच दिसतंय," मी म्हणालो.

"आणि फाशी दिल्यावर आवारात मोकळं काय सोडायचं?"

इथे माझी विद्वत्ता कामाला आली. "अंत्यविधीसाठी नातेवाइकांच्या ताब्यात देणं, असा त्याचा अर्थ. सरकारी भाषा आहे ती." हे मी इतक्या ठामपणे सांगितलं की भावोजींनी मान डोलावली. पुढे पुष्कळ दिवस हे वाक्य आठवलं की मी एकटाच खोलीत लाल व्हायचो.

तेवढ्यात ताई आली. तिने कागद वाचला आणि ती भलत्याच ठिकाणी भडकली. "देऊन ये? ये? बावीस वर्षं हे काम सांभाळणाऱ्या माणसाला अरे-तुरे? देऊन या म्हणायला यांची जीभ झडते का?"

भावोजींनी मान वर केली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण ही काडी बरीच जाड होती. "खरंच की. एकेरीत हुकूम आहे. मास्तर, असा हुकूम पाळावाच लागतो का हो?"

मग आम्ही तिघांनी बसून उत्तर लिहिलं. म्हणजे लिहिलं मी, ताईने त्यात तिखट घातलं आणि भावोजींनी ते काढून टाकलं. "आपला हुकूम मिळाला. तो एकेरीत असल्यामुळे नेमका कोणास उद्देशून आहे याचा बोध होत नाही. सबब, मानार्थी क्रियापदासह सुधारित हुकूम मिळेपर्यंत कार्यवाही करणे शक्य नाही." भाषेच्या दृष्टीने ते पत्र निर्दोष होतं. भावोजी सही करायला गेले आणि थांबले. "पण मास्तर, त्यांनी सुधारून पाठवलं तर? फाशी देऊन या, असं?"

 खरं सांगतो, तोवर मी फाशीवर शंभरदा बोललो असेन, पण ती देताना हात कुणाचा असतो हे डोळ्यांसमोर कधी आलं नव्हतं. आता तो हात माझ्या टेबलावर होता, सुताराचा, अंगठ्याचं नख काळं पडलेला, आणि त्यात पेन होतं. मला अतिशय वाईट वाटलं, आणि ते कैद्यासाठी नव्हतं, हेही कबूल करतो.

रविवारी सकाळी भावोजी नेहमीसारखे वर्तमानपत्र घेऊन कोपऱ्यातल्या कोठडीपाशी गेले. पुढचं सगळं त्यांनीच मला सांगितलं. ते स्टुलावर बसले आणि कोडं वाचायला लागले, पण एकच ओळ तीनदा वाचली गेली.

"मिस्त्री, आज काय झालंय?" आतून त्याने विचारलं.

भावोजींना खोटं बोलता येत नाही. पडद्याच्या वेळीही ते गप्प बसले होते, खोटं बोलले नव्हते. त्यांनी खिशातून कागद काढला, गजांमधून आत दिला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. कैद्याच्या हातात असा कागद देणं नियमात बसत नाही, पण त्याच्याबद्दलचाच हुकूम त्याच्यापासून लपवून त्याच्याबरोबर कोडं सोडवणं भावोजींच्या नियमात बसत नव्हतं.

 वाचून झाल्यावर तो म्हणाला, "मिस्त्री, पेन्सिल द्या."

भावोजींना वाटलं, शेवटचं काही लिहायचं असेल. त्यांनी डोळे पुसून पेन्सिल दिली. त्याने दोन ठिकाणी बारीक रेघा मारल्या आणि कागद परत केला.

"जागा चुकलीय. दोन्हीकडे 'न' मागच्या शब्दाला चिकटलाय, तो पुढचा आहे. फाशी देऊ नये. मोकळे सोडू नये."

भावोजींनी वाचलं, पुन्हा वाचलं. "तू तुला सोयीचं तेच वाचणार."

"मग दुसरं वाक्य बघा. मला मोकळं सोडू नये, हे माझ्या सोयीचं आहे का? लोक ध चा मा करतात, इथे नुसता न सरकलाय." तो हे शांतपणे म्हणाला, पण पेन्सिल परत देताना ती त्याच्या हातून दोनदा पडली.

भावोजी तिथून धावतच माझ्याकडे आले. मी कागद पाहिला. 'देऊ' आणि 'नये' यांच्यामध्ये जागा सोडली नाही म्हणून मी आजवर किती मुलांचे गुण कापले असतील, त्याची गणती नाही. तीस वर्षं मराठी शिकवून जे मला दिसलं नाही ते त्याला दिसलं, आणि तेही स्वतःच्या मरणाच्या कागदात.  सकाळीच माझ्याकडे येऊन बसलेल्या ताईने हातातलं मानार्थी क्रियापदाचं पत्र घडी करून पदरात खोचलं.

सोमवारी दहाला उपअधीक्षकांनी फोन लावला. तिकडच्या साहेबांनी मजकूर एका दमात सांगितला होता आणि नव्या टंकलेखिकेने ऐकला तसा उतरवला होता. देऊ नये हेच खरं. सभागृहाचा निर्णय होईपर्यंत सगळं जागच्या जागी. उपअधीक्षक म्हणाले, "मला संशय होताच." शनिवारी हा संशय त्यांनी कुठे ठेवला होता, ते कुणी विचारलं नाही.

त्या दिवशी आम्ही तिघं ताईकडे जेवायला बसलो. भावोजी दोन दिवसांनी पहिल्यांदा पोटभर जेवत होते. चर्चा अजून चालूच होती, निर्णय कधी लागेल आणि कोणत्या बाजूने, ते कुणालाच माहीत नव्हतं. मी त्याबद्दल तोंड उघडलं नाही, हे ताईच्याही लक्षात आलं असावं. तिनेच विचारलं, "अहो, पण ते खरंच तसं असतं, तर तुम्ही गेला असता?"

भावोजींनी घास खाली ठेवला.

"गेलो असतो. हुकूम आला की मी उठतोच, तुला माझा स्वभाव माहीत आहे. फाशीही दिली असती." त्यांनी ताट जरा पुढे सरकवलं. "ते 'ये' मात्र जमलं नसतं. परत कोण आलं असतं, मला माहीत नाही."