स्वेटरवरचं बी.पी.

एका मंगळवारी सकाळी तासाभरात मी सात जणांचं बी.पी. वाढवून दाखवलं.

माझी बायको शमीम आमच्या वाडीची आशाताई. (कान्हे स्टेशनपासून वर चढावर माझं किराणा दुकान आहे; पण वाडीत माझी ओळख 'आशाताईंचे मिस्टर' एवढीच.) दर मंगळवारी आमच्या ओट्यावर बी.पी.वाले जमतात. शमीम मोजते, वहीत लिहिते, गोळ्या चुकवल्या तर प्रेमानं झापते. ही माणसं ओट्यावर यावीत म्हणून ती वर्षभर दारोदार फिरली होती.

त्या दिवशी तिला वडगावला मीटिंग होती. "दुपारी येऊन मोजीन, तसं सगळ्यांना सांग," एवढंच सांगून ती गेली.

मी सांगणारच होतो. पण थंडीत चढ चढून आलेल्या माणसांना परत पाठवायचं?

"बसा! मी मोजतो."

"तुला येतं का रं, इकबाल?" पारूमावशींनी विचारलं.

"मावशी, बटण तर दाबायचंय!"

आधी सगळ्यांना कडक चहा पाजला. मग मावशींच्या जाड स्वेटरवरूनच पट्टा आवळला आणि त्यांच्या सुनेची चौकशी केली. त्या विषयावर मावशी अशा रंगात आल्या की मशीनची घरघर ऐकूच येईना. आकडा आला एकशे ब्याऐंशी!

"बरं हाय ना?"

"मावशी, तुम्ही जरा... टेकून बसा."

पुढचे शांतारामभाऊ. एकशे नव्वद!

"लय हाय का रं?"

"घाबरू नका!" मी इतक्या जोरात ओरडलो की उरलेले पाचही जण घाबरले. साहजिकच त्यांचे आकडे आणखी वर गेले! शमीमचा फोन बंद. मावशी नातवाचं नाव घेऊन रडायला लागल्या. मी रस्त्यावर धावत जाऊन दुधाचा टेम्पो अडवला.

"कॅन उतरव, माणसं भर!"

समोरच्या घरातले बबनआबा हा गोंधळ बघत उभे होते. "मला काय धाड भरलीय?" म्हणत त्यांनी शमीमला तीनदा दारातून परत पाठवलं होतं. ते हसत हसत टेम्पोत चढले. गंमत बघायला!

उपकेंद्रातल्या नर्सताईंनी सगळ्यांना बाकावर बसवलं. "स्वेटर काढा. पाच मिनिटं गप्प बसा. कुणी बोलायचं नाही." मग एकेकाचं मोजलं. सातही जणांचं ठीकठाक!

"पट्टा स्वेटरवरून कुणी बांधला होता?"

सात बोटं माझ्याकडे वळली. बबनआबा तर मांडीवर थाप मारून हसले.

"आबा, आलाच आहात तर तुम्हीही बसा," ताई म्हणाल्या.

"मी? मला कशाला?"

बसले तरी. ताईंनी एकदा मोजलं. थांबून पुन्हा मोजलं. मग दुसऱ्या हाताला पट्टा बांधला. आता कुणीच हसत नव्हतं.

"आबा, डोकं दुखतं का?"

"दिवाळीपासनं. म्या म्हनलं, थंडीनं आसंल." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "गोळी सुरू झाली की सुटत न्हाई म्हनत्यात. व्हय का?"

पारूमावशी उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. "मी तीन वर्सं खातीया. मेले का? मंगळवारी या वट्ट्यावर, सोबत हाय समद्यांची."

ताईंनी लगेच चिठ्ठी दिली आणि त्याच टेम्पोतून मी आबांना डॉक्टरकडे नेलं. त्या दिवशीच गोळी सुरू झाली.

दुपारी शमीमनं सगळं ऐकलं, कपाळावर हात मारला आणि थेट आबांच्या घरी गेली. येताना तिचे डोळे ओले होते. "वर्षभर जे मला जमलं नाही, ते तुमच्या गाढवपणानं जमलं," ती म्हणाली. (वीस वर्षांच्या संसारातलं हे तिचं एकमेव कौतुक!)

आता आबा दर मंगळवारी सगळ्यांच्या आधी हजर असतात आणि "इकबालमुळं वाचलो" असं येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. ते ऐकायला मी ओट्यावर घुटमळतो. पण मोजायची वेळ झाली की शमीम मला दुकानात पिटाळते. मी आसपास असलो की कुणाचंच बी.पी. खाली येत नाही, असं तिचं म्हणणं. स्वतःवर वीस वर्षं मोजून पाहिलंय म्हणे!