चिंचेनं घासलेली बारूददाणी

आमचे साडू एका जागी सलग पाच मिनिटं बसलेले मी आजवर पाहिलेले नाहीत, आणि ज्या दिवशी बसतील त्या दिवशी तारापूरच्या समुद्रालाही भरती-ओहोटीचा विसर पडेल. चहा ते उभ्यानं पितात, जेवताना फेऱ्या मारतात, आणि झोपेतसुद्धा त्यांचे पाय बोईसरहून पालघरला जाऊन येतात असं माझी मेहुणी शपथेवर सांगायची. ती जाऊन तीन वर्षं झाली. आता ते पाय जागेपणीही घरात टिकत नाहीत.

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर साडूंनी एक विलक्षण नाद लावून घेतला: जुन्या लष्करी बंदुकांचं सामान ओळखायचं आणि संग्राहकांना त्याची किंमत सांगायची. बंदुका नव्हेत हं! बंदूक दिसली की "ते पोलिसांचं खातं" म्हणून हात मागे बांधतात. पण संगिनीचं म्यान, नळी पुसायचा गज, गोळ्या ओतायचा साचा, तेलाची इवलीशी कुपी, यांच्यावर माणूस जीव टाकतो. फोटो पाठवलात तर ढुंकून बघणार नाहीत; वस्तू हातात हवी. आधी वास घेतात, मग भिंगाखाली ठसा शोधतात आणि शेवटी चक्क जीभ लावतात. एकदा तर नुसत्या चवीवरून त्यांनी साचा ओतणाऱ्या कारागिरानं त्या दुपारी काय खाल्लं होतं तेही सांगितलं. खोटं वाटत असेल तर माझ्या बायकोला विचारा. तीही खोटंच आहे म्हणेल. माझ्या मुलाच्या लग्नात ऐन वरातीत बँड थांबला. शोधतो तर मांडवामागे ढोलवाला दोन्ही हातांनी पँट धरून उभा, आणि त्याचा पट्टा साडूंच्या तोंडाशी! "अहो, हे बक्कल पलटणीतलं आहे! वरात काय, रोज निघते!"

त्यांचा मंत्र एकच: "पुसू नका!" जुन्या पितळेवरचा काळा थर म्हणजे वस्तूचं वय, तो गेला की संग्राहक पाठ फिरवतात. "शंभर वर्षांच्या म्हाताऱ्याला गुळगुळीत दाढी करून बालवाडीत बसवल्यासारखं दिसतं ते," असं ते सांगतात. दिसेल त्याला सांगतात. बोईसर स्टेशनबाहेर एक रिक्षावाला भोंगा पुसत होता, त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "चाचा, बैठना है तो बैठो."

आणि हा मंत्र ते आयुष्यात एकदाच सांगायला विसरले.

पालघरजवळच्या माहीमला राहणाऱ्या, ओळखीतल्या जमनामावशींकडे त्यांच्या सासऱ्यांच्या वेळची बारूददाणी होती, म्हणजे बंदुकीची दारू भरून कमरेला लटकवायची चपटी पितळी कुपी. मावशी तीत डांबरगोळ्या ठेवत. मुलाच्या होडीचं इंजिन कायमचं बंद पडलं होतं आणि होड्या पुन्हा समुद्रात लोटायची नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. साडूंनी कुपी चाटली, ठसा पाहिला आणि नाचायचेच बाकी राहिले. "मावशी, हिच्यात तुमचं नवं इंजिन आहे!" मुंबईच्या एका संग्राहकाला त्यांनी रविवारी बोलावलं आणि मावशींना घाईघाईत फोन केला, "मोठा माणूस येतोय, वस्तू नीट तयार ठेवा!" एवढं बोलून पळाले.

रविवारी त्यांच्या स्कूटरवर मागे मीही होतो. मावशींनी ताटलीवरचा रुमाल काढला आणि आमचे डोळे दिपले. दसऱ्याच्या तांब्यासारखी ती कुपी लखलखत होती!

"दोन दिस चिंच लावून घासली," मावशी अभिमानानं म्हणाल्या. "पावन्याला काला थोबाड कसा दाखवायचा?"

संग्राहकानं कुपी उलटसुलट केली. "हिच्यावर ठसा होता म्हणालात?"

थाप मारायला जागा होती. मी असतो तर तीन मारल्या असत्या. साडू क्षणभर, खरंच सांगतो, हललेसुद्धा नाहीत.

"होता. पुसू नका हे सांगायला मी विसरलो. चूक माझी, बाईंची नाही."

पाहुणा चहा पिऊन निघून गेला. मावशींचा चेहरा पडला, पण त्यांनी साडूंच्या ताटात तळलेले बोंबील वाढले. "खा. तुमी काय मुद्दाम नाय केलं."

तेव्हापासून दर रविवारी साडू माहीमला जातात. चकाकी आवडणारं गिऱ्हाईक शोधायचं त्यांनी मनावर घेतलंय. दरम्यान मावशींच्या भावानं आपलं जुनं इंजिन होडीला बसवून दिलं. साडू मात्र त्याला "तात्पुरतं" म्हणतात आणि फोन फिरवत राहतात. परवा ते मावशींच्या अंगणात फोनवर कुणाला तरी पटवत होते, तेव्हा मावशी माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "इंजिन झ्याक चालतंय. कुपी आता विकायची नाय मला."

"मग त्यांना सांगा की!"

"गप ऱ्हावा. सांगितलं तर रविवारचा हा मानूस जाईल कुठं?"

मी अजून सांगितलेलं नाही. काल साडूंचा फोन आला होता. सुरतेचा कुणी एक जवळजवळ तयार झालाय म्हणे. आवाज इतका खुशीत होता की मला जरा भीतीच वाटली.