लीडर पडत नसत

लीडर बर्फावर कधीही पडले नाहीत. ते बसत. कधी कुशीवर बसत, कधी पालथे बसत, एकदा तर जाळीच्या कुंपणात डोकं घालून बसले होते; पण उठल्यावर गॉगल पुसत एकच सांगत, "पडणं वेगळं, बसणं वेगळं. मी बसलो."

लीडर ही पदवी त्यांना आम्ही दिलेली नव्हती. वेंटवर्थव्हिलच्या आम्हा सात-आठ मराठी कुटुंबांची दर जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, स्नोला सहल निघायची. तिच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी ही पदवी स्वतःच नावापुढे लावून घेतली. तोंडावर आम्ही काकाच म्हणायचो. पुण्यात ते पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. त्यामुळे पाणी कोणत्याही अवस्थेत असलं तरी आपल्याच अखत्यारीत येतं, असा त्यांचा समज होता.

रोज सकाळी ते बर्फाची पाहणी करत. काठी टोचायची, चिमूट उचलायची, निकाल द्यायचा. रात्रभर गोठलेला बर्फ म्हणजे चिक्की. मशीनने फवारलेला तो रवा. दुपारी वितळायला लागला की पाणी जास्त झालेली साबुदाण्याची खिचडी. "रिसॉर्टचा फलक वाचू नका, तो जाहिरातवाल्यांनी लिहिलाय." निकाल बिनचूक असत, हे कबूल करायला हवं. फक्त त्या ज्ञानाचा त्यांच्या पायांशी काही संबंध नव्हता.

जग स्कीच्या तळाला मेण लावतं. लीडर खोबरेल तेल लावत. "थंडीत थिजलं की मेणच झालं की!" पार्किंगमध्ये गाडीच्या हीटरपुढे बाटली धरून ते पातळ करायचं आणि बाळाला चोळावं तसं चोळायचं. स्की परत घेताना भाड्याच्या दुकानातली बाई वास घेऊन म्हणाली होती, "स्मेल्स लाइक द बीच, मेट." लीडरनी ते प्रशस्तिपत्र मानलं.

काकू अकरा वर्षं खालच्या कॅफेत खिडकीशी थर्मास घेऊन बसत आल्या होत्या. "सकाळी उभे जातात आणि दुपारी बसत बसत येतात. एकदा तरी वरपासून इथपर्यंत उभे या, मग मानेन." शेवटच्या वर्षी ऑगस्टमध्ये लीडरचा गुडघा बदलायचा होता. त्यानंतर स्कीइंग कायमचं बंद, असं सर्जनने बजावलं होतं. म्हणजे काकूंनी मानायला त्या सहलीचा शेवटचा एकच दिवस उरला होता.

सकाळी चिक्कीवर ते तीनदा बसले, रव्यावर दोनदा. तीनच्या सुमाराला पाऊस भुरभुरला आणि पाठोपाठ धुकं उतरलं. कॅफे तर सोडाच, पुढचा खांबही दिसेना. "ही शेवटची," चेअरलिफ्टमधून उतरताना लीडर म्हणाले. "तू मागे राहा. साक्षीदार लागेल."

खिचडीत माझ्या स्की रुतत होत्या. लीडर मात्र खोबरेलावर सुळकन निघाले. गुडघे वाकवून, डावीकडे एक वळण, उजवीकडे एक वळण. त्यांच्यावर शेरा मारण्यात मी अकरा वर्षं घालवली होती. त्या दिवशी मला एकही सुचला नाही. कॅफे शंभर पावलांवर राहिला आणि तिथे बर्फच संपला. पावसाने धुऊन निघालेला गवताचा पट्टा उघडा पडला होता. स्की थांबल्या. लीडर थांबले नाहीत.

मी पोचलो तेव्हा ते उठून बसत होते. गॉगल पुसला नाही.

"पडलो रे," ते म्हणाले.

हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकायची मी इतकी वर्षं वाट पाहिली होती. मला तो अजिबात आवडला नाही.

कॅफेत काकूंनी त्यांना काही विचारलंच नाही. त्या माझ्याकडे वळल्या. "तू सांग. तुला ह्यांचं काडीचं कौतुक नाही, तू खरं बोलशील."

"उभे आले," मी म्हणालो.

काकूंनी लीडरच्या कॉलरमध्ये अडकलेलं गवताचं पातं काढलं, टिश्यूत गुंडाळून पर्समध्ये ठेवलं आणि चहा ओतला. "मानलं हो," त्या म्हणाल्या.

हल्ली दोघं मुलीकडे मॉसन लेक्सला असतात. तिथे बर्फ फक्त फ्रीजमध्ये. फोनवर लीडर तो उतार अजून सांगतात आणि तो दर वेळी थोडा लांबतो. परवा त्यात एक कडाही आला. मी तोंड उघडणार, इतक्यात मागून काकूंचा आवाज आला, "अरे, उभेच आले! मी खिडकीतून पाहिलं ना."